रिकामा तांब्या

मंडळी, ऐका! हात पसरणं आणि विचारणं, एकच का हो? नाही ना? मग विचारताना जीभ का अडखळते? रस्ता चुकू, पण कुणाला पुसणार नाही!

तसेच आमचे रंगनाथ तांबट. हातात कला आणि नाकावर राग! तांब्याची भांडी ठोकावीत तर त्यांनीच! पण गिऱ्हाईक गेलं स्टीलकडे, भट्टी झाली थंड. गल्लीच्या तोंडाशीच सरकारी उद्योग मार्गदर्शन केंद्र — लहान धंदेवाल्याला सल्ला फुकट! बायको म्हणायची, "अहो, एकदा विचारून तर या." हे गरजायचे, "तांबटानं कुणाच्या दारात जायचं नसतं!"

शेवटी काय? वडिलांची ऐरण, हातोडा, सगळं हातगाडीवर घातलं — निघाले भंगारात विकायला! काळीज तुटत होतं, मंडळी! त्यात ऊन असं, की केंद्राच्या दारातच घशाला कोरड पडली. पाणी मागितलं का? छे! नुसते उभे! आतून केंद्रात सल्ला देणाऱ्या मुक्ता गावडेबाईच तांब्या घेऊन आल्या.

रंगनाथ घटाघटा प्यायले, आणि बघतात तर काय — तांब्याला पोचा! तांबटाला पोचा बघवतो होय? उचलला हातोडा, गाडीवरच्या ऐरणीवर — ठण! ठण! ठण! अख्खं ऑफिस बाहेर!

पोचा गेला. बाई हसल्या, "काका, आपल्यात रिकामं भांडं परत देत नाहीत."

रंगनाथ ओशाळले. खरंच की! शेजारणीची वाटीसुद्धा चिमूटभर साखर घेऊन परत जाते. "बाई, माझ्याकडे घालायला काही नाही हो."

"आहे की! ओठावर अडलाय ना, तो प्रश्न घाला."

डोळे भरून आले त्यांचे! तांब्यात तोंड घालून पुटपुटले, "हातच्या भांड्याला... आता कुणी विचारतं का?"

"अहो, शहरातले हॉटेलवाले अशीच भांडी शोधत आले होते! आम्हाला कारागीर सापडेना! आत या, आत्ता फोन लावू."

बघा! कारागीर रोज दारावरून जात होता, फक्त तोंड उघडत नव्हता!

गाडी वळली, मंडळी! ऐरण घरी आली, भट्टी पेटली! बायकोनं विचारलं, "गेलात ना दारात?" "छे! तांब्या परत द्यायला गेलो होतो!"

हसता काय? देवापुढे नवस बोलता, माणसापुढे तोंड शिवता! देव पाणी घेऊन दारात आला, तरी तुम्ही म्हणणार, तहान नाही! आता आरतीचं ताट फिरेल. तुमचा अडलेला एक प्रश्न त्यात घाला, आणि उद्या सकाळी जाऊन तो विचारा. ताट रिकामं परत पाठवू नका!