उचकीच्या नाटकाची क्लीन कॅसेट

नाही हो, क्लीन म्हणजे किती क्लीन करायचं माणसानं? काही सुमार? तुम्हाला सांगतो, जावई आयटीत असावा, पण त्याचं सासऱ्यावर प्रेम नसावं! आमचे जयसिंगराव... हिंजवडीत नोकरी, गळ्यात पट्टा, स्वभावानं सोनं. म्हणजे धड रागावतासुद्धा येत नाही!

आमचं एक नाटक होतं, 'राजाला लागली उचकी'. संगीत, विनोदी, सरकारला झोंबणारं. राजाला उचकी लागते, म्हणून अख्खा दरबार उचक्या देतो. मी प्रधान. आणि विंगेत प्रॉम्प्टर आमची सरोजिनी, तेव्हा लग्न व्हायचं होतं. स्टुडिओ कुठला परवडायला? पहिला प्रयोगच कॅसेटवर रेकॉर्ड केला, तोही माइक नेमका विंगेत टांगून! तिसऱ्या अंकात गाता गाता मी अडलो... आणि फितीवर, तुम्हाला सांगतो, बाईंची कुजबुज स्वच्छ ऐकू यायची, "'उचकी ही प्रजेची'... अहो, 'प्रजेची'! म्हणा ना, मी आहे इथे!"

मी आहे इथे! हे काय नाटकात होतं का?

गेल्या वर्षी सरोजिनी गेली. फोटो आहेत, साड्या आहेत, आवाज तेवढाच एक. रोज लावायचो. फीत खरखरायची... खरखरू दे की!

एकदा जावईबापू 'चार दिवस ऐकायला नेतो' म्हणून कॅसेट घेऊन गेले. तर तिच्या पहिल्या स्मृतिदिनाला, घरभर पाहुणे, जावईबापू सीडी घेऊन हजर. "बाबा, सरप्राइज! सगळा नॉइज काढला. खरखर काढली, खोकले काढले, मागं कुणीतरी सारखं कुजबुजत होतं, तेपण काढलं. एकदम क्लीन!"

कुणीतरी! लागला तिसरा अंक. मी गातोय, थांबलो... चिडीचूप... आणि ओळ म्हटली, बिनचूक! मेहुणे म्हणतात, "वा दशरथराव, काय पाठांतर होतं तुमचं!" आणि दीपाली, सरोजिनीची सख्खी मुलगी, टाळ्या वाजवतेय! आता चारचौघांत जावयाचं मन कसं मोडायचं? म्हटलं, "छान. एकदम क्लीन."

मग हळूच विचारलं, "जयसिंगराव, कॅसेट कुठंय?"

"ती ना? भंगारवाल्याला दिली. आता कशाला लागतेय, बाबा!"

कर्वेनगर पालथं घातलं, भंगारवाला गाठला. तो म्हणतो, "काका, कॅसेटी मांजरी गावचा शेतकरी घेऊन गेला. फिती ताणतो पिकावर. वाऱ्यानं वाजतात, पाखरं पळतात." पत्ता घेतला, गेलो मांजरीला! जाणार नाही तर काय करणार?

ज्वारीवर फितीच फिती, उन्हात चमकतायत, वारा आला की घूंऽऽ... त्यातली आमची कुठली? बांधावर उभा राहिलो आणि लाज सोडून प्रधानाचं गाणं म्हणायला लागलो. त्याच ओळीला अडलो! थांबलो... कान लावून थांबलो... घूंऽऽ. शब्द एक नाही. रडलो हो, तुम्हाला सांगतो, तिला पोहोचवून आलो तेव्हा रडलो नव्हतो इतका.

मागून शेतकरी आला. मला वाटलं, आता हाकलतो. तर म्हणतो, "आजोबा, रोज येता का? फितींना पाखरं सरावली हायती. तुमच्या गाण्यानं बघा, एक ऱ्हायलं न्हाई!"

म्हटलं, "येतो बाबा." घरी आता अडायचीसुद्धा सोय नाही... तिथं सगळं एकदम क्लीन!