काळ्या अस्तरावरचा अभ्यासक्रम

नाही नाही, घण आधी खाली ठेवा, मिस्त्रीकाका — आणि हा चहा घ्या. काम काय पळून जातंय? ओटा आहे, उठून चालायला लागणार नाही. बसा. तिथे त्या बाकावर — अरे, बाक कुठे गेलं? बरं, पायरीवर टेका. तुम्हाला निरोप मिळाला हे फार बरं झालं. काल मी तुमच्या घरी येऊन गेले तर काकू म्हणाल्या, कामावर गेलेत, आल्यावर सांगते. मला वाटलं, विसरतील. फक्त जरा हळू बोला — म्हणजे तुम्ही बोलतच नाही आहात, मीच हळू बोलते. बाबा आत आहेत. ऐकू येतेय ना खडखड? मशीन चालू आहे तोवर आपल्याला काळजी नाही, त्यात त्यांना स्वतःचा खोकलाही ऐकू येत नाही. घणाचा आवाज मात्र — हो, तो ऐकू येईल. त्याचा विचार केला नव्हता मी. खरं तर या वेळी ते दोरे-बटणं आणायला बाजारात जातात, म्हणून तर तुम्हाला ही वेळ सांगितली. आणि आज गेलेच नाहीत! सकाळी उठले, मशीन ओट्यावरून उचलून आत नेलं आणि दिवा लावून बसलेत अंधारात. फुगलेत, दुसरं काय. शिंपी फुगला की उजेडाशीही बोलत नाही.

काय म्हणता? थांबा, आधी ऐका, नाहीतर तुम्हाला वाटेल ही पोरगी बापाचं दुकान फोडायला निघाली. दुकान नाही, नुसता ओटा. आणि त्याचं मूळ आहे माझ्या परीक्षेत. राज्याची भरती, अधिकारी पदाची — हो, तीच, ज्यात सगळे वर्षानुवर्षं बसतात. मी तिकडे परदेशात शिकले, ते तुम्हाला माहीत असेलच. गल्लीत कुणाला माहीत नाही? परत आले तेव्हा आधी सगळ्यांना वाटलं सुट्टीवर आलेय. मग वाटलं नोकरी गेली. मी सांगितलं, इथलं सरकारी काम इथल्या माणसांनी करायचं नाही तर कुणी करायचं? — तर पोस्टमनकाका म्हणाले, "भाषण छान आहे, पण पाठ करायला अभ्यासक्रम वेगळा असतो." मी म्हटलं, ठीक आहे, मग अभ्यासक्रमच. क्लास नको, गाइडं नकोत. लोक काय करतात, जाडजूड पुस्तकांचा ढीग घेतात आणि अभ्यासक्रमाचा कागद एकदा बघून त्यात वडे — म्हणजे काहीबाही गुंडाळून टाकतात. मी उलटं केलं. आत नको, इथूनच दाखवते. वाकून बघा, दारातूनच दिसेल. ते काळं अस्तर टांगलंय ना भिंतीवर? त्यावर बाबांच्या खडूने सगळा अभ्यासक्रम लिहिलाय मी. एकेक ओळ. इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था, सगळं. विषय पक्का झाला की ब्रशने झटकायचा. आता बघा, पार काळं झालंय. सुरुवातीला धोतरासारखं पांढरं दिसायचं.

आणि पक्का झाला की नाही हे ठरवायचं बाबांनी. हो, बाबांनीच! मशीन मारता मारता एक ओळ वाचायचे, "पंचायत राज — बोल." मी बोलायची. उत्तर बरोबर की चूक हे त्यांना ठाऊक नसायचं, पण मी अडखळले की पाय थांबायचा. खडखड बंद. मी पुन्हा सुरू केलं की खडखड सुरू. एवढं कडक शिक्षण मला तिकडे कुणी दिलं नाही, खरंच. गिऱ्हाइकं वैतागायची. एक जण पँट घ्यायला आला आणि अर्थसंकल्प ऐकून गेला. पण पूर्वपरीक्षा निघाली, मुख्यही निघाली — तुमचा विश्वास बसतो? माझा अजून बसत नाही. आता परवा मुलाखत.

तर त्या मुलाखतीची तालीम ठेवली आम्ही. इथेच, दुकानात. आई, समोरच्या उतारावरच्या इस्त्रीवाल्या काकू, पोस्टमनकाका आणि अध्यक्ष म्हणून बाबा — गिऱ्हाइकाचा तयार कोट घालून! अध्यक्षाला कोट हवाच म्हणाले. बाहीला टाचण्या तशाच. हात हलवला की "आई गं" म्हणायचे आणि पुन्हा अध्यक्ष व्हायचे. हसून हसून पुरेवाट. मग इस्त्रीवाल्या काकूंनी प्रश्न विचारला — कुठून तरी वाचून आल्या होत्या — "तुमच्या भागातली एक समस्या सांगा. अधिकारी झालात तर पहिल्या दिवशी काय कराल?" आता मला काय, तयारच होतं ते. सांडपाणी! मी म्हटलं, आमच्या गल्लीतलं गटार तुंबतं, कारण लोकांनी त्यावर ओटे बांधलेत, आत झाडू जात नाही. पाणी उतारावरच्या घरात शिरतं. मी पहिल्या दिवशी पहिला ओटा फोडीन, आणि तो आमचाच असेल.

अस्सं ठणकावून. पोस्टमनकाकांनी टाळ्या वाजवल्या. काकू — ज्यांच्या घरात ते पाणी शिरतं, ज्या इस्त्रीचे कपडे खाटेवर रचून ठेवतात — त्या खाली बघत राहिल्या. इतकी वर्षं त्या आमच्याकडे रोज चहाला येतात आणि एकदाही म्हणाल्या नाहीत हो. एकदाही. आणि बाबा? बाबा म्हणाले, "पुढचा प्रश्न." बस. तेव्हापासून पुढचा प्रश्न आलाच नाही. बाकीच्या ओळी विचारून झटकल्या, पण सांडपाण्याच्या ओळीवर आले की तिच्यावरून उडी मारतात. एवढी एकच ओळ उरलीय त्या अस्तरावर. म्हणजे उरली होती — कुठे गेली? काल तर होती. आईने झटकला वाटतं कपडा. जाऊ दे.

मला सांगा, परवा तिथे तोच प्रश्न आला तर? मी तेच उत्तर देणार आणि इथे ओटा तसाच? मग मी कोण झाले? नुसती बोलघेवडी. परोपदेशे पांडित्य म्हणतात ते हेच ना? म्हणून तुम्हाला बोलावलं. त्यांच्या नकळत, हो. चुकलं का माझं? तुम्ही मान हलवताय, पण होय म्हणून की नाही म्हणून ते कळत नाहीये.

हे बघा, खरं सांगू? तुम्ही घण घेऊन कोपऱ्यावर दिसलात आणि मी आधी चहाचं आधण ठेवलं. मला वाटलं होतं निरोप पोचणार नाही. नाही पोचला तर बरं, असंही — थोडंसं — वाटलं होतं. कारण हा ओटा म्हणजे काय माहितीये? बाबांचे डोळे. आत दोरा ओवता येत नाही त्यांना, बाहेरच्या उजेडात येतो. मी तिकडे असताना फोन केला की मागे हीच खडखड, आणि रस्ता. भाजीवाली ओरडतेय, कुणी म्हणतंय "मास्तर, उद्या नक्की ना?" ती खडखड ऐकली की मला कळायचं, घर जागेवर आहे. आणि मी परत येऊन पहिलं काम काय करणार, तर तेच — छे! मी काय बोलतेय तुमच्याशी. चहा गार झाला तुमचा.

काय? सांगा की. मघापासून तोंड उघडताय आणि मिटताय. — कुठला निरोप नाही मिळाला? माझा? तुमच्या घरी काकूंनी सांगितलंच नाही? मग तुम्ही घण घेऊन कसे —

बाबांनी?

कधी? स्वतः आले होते? म्हणजे ते बाक... मशीन... ओटा मोकळा करायला आत गेले ते, फुगून नाही. अहो, मग हे आधी सांगायचं नाही का! — बरोबर आहे. मी बोलू कुठे दिलं. अजून काय म्हणाले ते? नाही, सांगा, जसंच्या तसं सांगा. हसताय काय?

"पोरगी बोलत बसेल, तुम्ही आपलं काम सुरू करा."

असं म्हणाले.

बरं. उठा मग. द्या तो कप इकडे. मी आता एक शब्द बोलत नाही.