पिल्लं वेगळी करायचं काम

माननीय अध्यक्ष, आज निवृत्त होणारे आपले मोठे सर, त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या मॅडम, स्टेजवरचे पाहुणे आणि माझ्यासोबत पिंजरे धुणाऱ्या बायांनो, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

कामगारांतर्फे सरांविषयी दोन चांगले शब्द बोल, असं मला सांगितलंय. माइकवर कधी बोलले नाही. सांभाळून घ्या.

सर फार मोठे. उंदरालाही भीती असते, माया असते, हे मला सरांकडूनच कळलं. त्यांच्या प्रयोगात माझं काम काय? आईपाशी झोपलेली पिल्लं उचलायची, दुसऱ्या खोलीत ठेवायची, दुपारी परत आणायची. हातमोज्याला आधी त्याच पिंजऱ्यातला भुसा चोळायचा, नाहीतर आईला परका वास येतो. पिल्लं नेली की ती कोपरे हुंगत फिरते. सर सांगतात, अशी रोज तोडलेली पिल्लं मोठेपणी भेदरट होतात. आईनं चाटूनपुसून वाढवलेली धीट होतात.

हे मी फरशी पुसता पुसता ऐकलं. माझी पोर अजून अंगावर पिते. सकाळी तिला शेजारच्या काकूंकडे टाकून येते. परवा घरात झाकण पडलं. दुसरं लेकरू रडलं असतं. ही नुसती ताठ झाली, डोळे मोठे करून. आमच्याकडची भेदरलेली पिल्लं अस्सच करतात.

सरांना विचारलं, "सर, माझी पोर पण तशीच होईल का हो?"

सर हसले. "अगं बाई, तू काय उंदीर आहेस?"

"मग तिला भुशाच्या पोत्यांच्या खोलीत ठेवू का? मधेमधे पाजून येईन."

"छे, छे! ती रडली तर उंदरिणी बिथरतील. माझे सगळे आकडे बिघडतील."

बघा, किती काळजी! आणि मघाशी याच माइकवर सर म्हणाले, आई उंदराची असो की माणसाची, आतून सारखीच. केवढ्या टाळ्या पडल्या! मी पण वाजवल्या. न वाजवून सांगते कुणाला?

सर, तुम्ही सुखात राहा.

नव्या मॅडम, प्रयोग तुम्ही पुढे चालवणार. उद्या सकाळी पिल्लं मीच उचलणार, काम सोडून मला भागायचं नाही. पण ती पोत्यांची खोली तेवढी द्या. भिंतीला पोती लावून घेईन, आवाज बाहेर जायचा नाही.

पुढच्या रांगेतून मला खाली बस म्हणून खुणावतायत. बसते हो. जास्त बोलले असेन तर घाबरलेल्या आईचं बोलणं म्हणून पोटात घाला. ऐकून घेतलंत, उपकार झाले.

फक्त मॅडम, हो की नाही, ते आधी सांगा. तोवर मी माइक सोडत नाही.