एका पंगतीत म्हणाले ना मी

...नुसतं ‘जेवू घालीन’ एवढंच म्हणाले असते तर काय बिघडलं असतं, सांगा तुम्ही! पण नाही. लेकीच्या, अनुजाच्या नोकरीसाठी अंबाबाईपुढं हात जोडले आणि बोलून बसले, मजल्यावरच्या चौघी सवाष्णी एका पंगतीत जेवतील, तोवर गोड तोंडात घालणार नाही. नोकरी दिवाळीतच लागली. मी अजून बिनसाखरेचा चहा पितेय... कधी ही गावाला, कधी तिच्याकडं पाहुणे. एका पंगतीत म्हणाले ना मी.

त्यात मजला आमचा कसा? समोरच्या सुनंदावैनी जैन, दिवस मावळला की त्यांचं तोंड बंद. शेजारच्या रुबीनाचे रोजे, तिचं तोंड उघडणार दिवस मावळल्यावर! विद्याश्री लिंगायत, इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पानाला हात लावायची नाही. आणि एस्तेरबाईंनी ईस्टरपर्यंत गोड सोडलेलं. म्हटलं, ईद होऊ दे, ईस्टरही होऊ दे. तर विद्याश्री उद्याच बाळंतपणाला कुरुंदवाडला निघाली, ती आता पावसाळ्यातच येणार. एका पंगतीत म्हणाले ना मी.

म्हणून आज, शुक्रवारी, उन्हं असतानाच पानं मांडली. सुनंदावैनी बिनकांदा-लसणाचं जेवल्या. विद्याश्री पूजा आटपून आली. एस्तेरबाई नुसत्या आमटी-भातावर. रुबीना भरल्या पानापुढं गप्प. अजान झाली, तिनं खजूर तोंडात टाकला, आणि मला रडूच आलं हो... वैनींचा हात केव्हाचा वाळलेला, ही कसली एक पंगत?

तर वैनी म्हणतात कशा, “उठलोय का आम्ही? शेवटचीचं झाल्याबिगर पंगतीतनं उठायचं न्हाय, हे तुमचंच म्हणणं की. बसा तुम्हीबी.”

बसले. एस्तेरबाईंनी पानात पुरणपोळी वाढली, वर तूप. सकाळपासून पोटात नुसता कोरा चहा. घास उचलला, तोच विद्याश्रीची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

“काकी, आज संकष्टी हाय न्हवं?”

चौघींचे नेम सांभाळता सांभाळता माझाच विसरले बघा. घास परत पानात.

रुबीना हसत म्हणाली, “दरवर्षी चांदची वाट आम्ही बघतो काकी, आज तुम्ही बघा.”

म्हटलं, जा गं बायांनो, घरी पोरंबाळं असतील. एकही हलेना. शेवटची आता मी, माझं झाल्याशिवाय उठायचं कुणी?

तेव्हापासून पाचजणी बसलोय, हात वाळवत. आणि आभाळ सगळं भरून आलंय... तुमच्या खिडकीतनं दिसतोय का हो चंद्र, जरा बघता?