गंगेवरचं बोलणं

चहा नको बायांनो, बबनच्या घरून पिऊन आले. आता रोज तिथंच पिणार हाय. का, ते ऐका.

आमची नात सीमा बायांसाठी वेबसाईट चालवती. बाया तिथं टोपणनावानं आपलं दुखणं लिहितात आन् एकमेकीला सल्ला देतात. काल शेजारचा बबन तणतणत आल्ता.

"सीमे, तिथं 'जाई' कोण हाय? नवरा मारतो म्हणून लिहून राह्यली. माझीच बायको असन. नाव दाखव!"

"काका, खरं नाव मी घेतच न्हाई. आन् वेबसाईटला एन्क्रिप्शन हाय. मधी कुणी डोकावलं तरी अक्षरांच्या जागी निसत्या किडे-मुंग्या दिसतेत."

"म्हंजी सांगणार न्हाईस?"

"ठावं असतं तरी बिलकुल न्हाई."

बबन माझ्याकडं वळला. "मावशे, तू तरी सांग हिला. घराच्या इज्जतीचा सवाल हाय."

मी म्हणलं, "बबन्या, तुझी माय आन् मी संगंच गंगेवर धुणं धुवायचो. तिथं बाई जे बोलली ते गंगेतच सोडून यायचं, ही आमची रीत. तुझ्या बापाबद्दल ती काय बोलायची, ते ती गेली तरी माझ्या तोंडून निघालं न्हाई. मंग ही पोरगी कशी सांगन?"

बबन उंबऱ्यावरच बसला. मायच्या पाठीवरचे वळ त्यानंबी पाह्यले होते. हळूच म्हणला, "मावशे, माझ्याबद्दल काय म्हणायची गं ती?"

"म्हणायची. पण सांगणार न्हाई. ऊठ, तुझ्या घरी चहा पाज मला. उद्याबी येईन, परवाबी येईन, तुझ्या बायकोची खबर घ्यायला."