एक झांज, एक वाटी

(संध्याकाळ. ओटीवर आजोबा भाई, आजी काशीबाई, नात संचिता. समोर पंचा, पंच्यावर काशाच्या झांजांची जोडी. एकीला काठापासून मधापर्यंत चीर. शेजारी हातोडी.)

भाई: परत वाजव.

संचिता: कितीदा वाजवू, भाई? ती बरी होवची नाय.

भाई: हिच्यापरास घासलेटाचो डबो बरो वाजता.

काशीबाई: नातीच्या हातात हातोडी कोणी दिल्यान?

संचिता: मीच घेतलंय, आजी. काठ वाकलेलो म्हणान भाई रोज कुरकुरत. म्हटला, आजच्या डबलबारीच्या भजनाआधी सरळ करून देव्या. सातवीच्या पुस्तकात आसा, ‘धातू ठोकल्यास त्याचा पातळ पत्रा तयार होतो. या गुणधर्मास वर्धनीयता म्हणतात.’

काशीबाई: मगे पत्रो खंय?

संचिता: दुसऱ्याच ठोक्याक चीर गेली.

भाई: आपल्या हंड्याक पोचो इलेलो, तो कासारान ठोकूनच काढल्यान मां?

काशीबाई: हंडो तांब्याचो. हिचा पुस्तक तांब्याक विचारून लिवलेला दिसता.

संचिता: कासा म्हणजे तांबा नि कथील. संमिश्र. तो धडो फुडच्या वर्षाक आसा.

काशीबाई: मगे वरीसभर दम धरूचो मां.

भाई: हसा तुमी. आता जामसंड्याक जावक ट्रॅक्स येतली. फुटकी झांज बघून बुवा झांज वाजवूक माज्या जाग्यार त्या रविराजाक बसयतलो. नवी जोडी घेवन कधीचो टपलोहा. एकदा बसलो काय उठाचो नाय.

काशीबाई: तुमी तरी खंय उठल्यात?

संचिता: भाई, एक झांज धड आसा. तिका जोडीदार शोधूया. नादमयता पण वर्धनीयतेच्याच धड्यात आसा. डोळे मिटा. ह्या?

भाई: जर्मनचा झाकण. ठप.

संचिता: ह्या?

भाई: स्टीलची ताटली. ऐकून भूक लागता.

संचिता: आणि ह्या?

काशीबाई: गो, माजा किलोचा वजन खाली ठेव. उद्या बांगडे काय हातान जोखू?

संचिता: बरा. आता ही?

भाई: ...थांब. परत वाजव. ही खंयसून काढलंस?

काशीबाई: ती वाटी ठेव. माज्या आवशीन लग्नात दिलेली.

संचिता: ही पण काशाचीच, आजी. तेल लागला काय आवाज दबता, म्हणान राखेन घासलंय. भाई, बूड चिमटीत धरा. काठ मोकळो सोडा.

भाई: आयकलंस? रविराजाच्या नव्या जोडीत ह्यो नाद नाय.

काशीबाई: रोज रातीक त्याच वाटयेन मी तुमचे तळपाय घासतंय. ती देवाफुडे वाजयतल्यात?

भाई: देव आवाज आयकता. पाय कोणाचे, ता इचारणा नाय.

संचिता: ट्रॅक्स इली. हॉर्न देतहत.

भाई: काय करू गो? नेव?

काशीबाई: ...नेवा. हातोडी हयच ठेवा.

भाई: हळू वाजयन.

काशीबाई: हळू कशाक? वाजवा बरी. पण ती शाबूत परत हाडा. मांडी घालून रातभर बसतल्यात, नि मगे ते पाय माज्याचकडे येतले.