कॉफीच्या दगडापाशी मोजणी

हॅलो?

हॅलो… कोण? … टूवा? … अगं, वारा केवढा आहे तिथे, काही ऐकू येत नाही. फोन टोपीच्या आत धर. … हां, आता येतंय.

हो, हेर्दिसच बोलतेय. बाबाच्या घरी. … काही नाही गं, त्याच्या मोज्यांच्या जोड्या लावत बसलेय. सव्वीस मोजे आहेत आणि एक जोडी जुळत नाही.

तू कुठून बोलतेस? … कॉफीच्या दगडापासून? आज? … म्हणजे बाबाचा ट्रेक तू नेलास. … एकटीने? … नाही, मला कसली हरकत? कुणीतरी न्यायलाच हवा होता. त्याला जाऊन नऊ दिवस झाले. उन्हाळा काय थांबणार आहे?

रडतेस का तू? … वाऱ्याने? … बरं. वाऱ्याने तर वाऱ्याने.

किती जण आहेत? … आठ. आणि बंदूक खांद्यावर आहे ना? दगडाला टेकवून ठेवली असशील तर आधी उचल. … आणि दरीकडे पाठ करून बोलू नकोस. … कुणी शिकवलं म्हणजे? अकरा वर्षांची होईपर्यंत या बेटावरच वाढले मी. अस्वलाकडे पाठ करायची नाही हे आम्हाला बालवाडीत सांगायचे.

बोल. … मंगळवारचं? … हो, तिथूनच केला होता त्याने फोन. तू तेव्हा काय करत होतीस? … थर्मास उघडत होतीस. बरं. … तो दर वेळी तिथूनच करायचा, खिंड ओलांडली की पुढे फोन लागत नाही म्हणून. … काय बोलला? काहीच नाही. मंगळवारी माणूस जे बोलतो तेच. मी तिकडे ट्रोम्सोला माझ्या घरी खिडक्यांना रंग देत होते. म्हणाला, आज अकरा जण आहेत, एक आजोबा मोजे विसरून आलेत, त्यांना माझे दिले. म्हणाला, ऊन पडलंय. आणि मग ते नेहमीचं… या ऑगस्टमध्ये ये ना, दिवसाचा तर ट्रेक आहे, सकाळी जाऊन रात्रीच्या जेवायला परत. मी म्हणाले, बाबा, रंग वाळतोय, संध्याकाळी करते फोन.

… नाही केला. संध्याकाळी दुसरा हात दिला रंगाचा.

… हो, आणि बुधवारी सकाळी तो ऑफिसला आला नाही म्हणून दार उघडलंस ते तू. तेही तूच. … माहितीये मला तो झोपेतच गेला. डॉक्टरांनी सांगितलं, तू सांगितलंस, दुकानातल्या बाईनेसुद्धा सांगितलं. मला ते नकोय. मला मंगळवार हवाय. माझा फोन झाला, त्यानंतर सहा तास तो तुझ्याबरोबर होता. ते सांग.

… हं.

… हं. काळ्या बेरींचं गरम सरबत. … हो, ते तो कपात ओतून आधी हातच शेकायचा.

… काय केलं? … रेनडिअरची नक्कल? बाबाने? … चार पायांवर? अगं एकाहत्तराव्या वर्षी? … आणि लोक? … हसले असतील, का नाही हसणार.

… गायला? … थांब, थांब. गायला म्हणजे मोठ्याने? लोकांसमोर? … टूवा, एकोणचाळीस वर्षांत मी त्याला गाताना ऐकलेलं नाही. चर्चमध्येसुद्धा नुसते ओठ हलवायचा. … तुला दोन गाणी शिकवली? … छान.

… नाही, काही नाही. छान म्हटलं.

… तू त्याला म्हातारा म्हणायचीस? तोंडावर? … आणि तो? … ‘काय गं पोरी’? … असं म्हणायचा तो तुला?

… नाही, आहे मी. मोजा खाली पडला.

काय आहे तुझ्याकडे? … लाकडी पेला? बर्च झाडाच्या गाठीचा, कडेला चीर गेलेला? … तो तुला दिला त्याने? कधी? … मागच्या उन्हाळ्यात. … नाही, परत नकोय. … अगं नकोय म्हटलं ना, ठेव. तीन दिवस मी तो या घरात शोधतेय. माळ्यावर चढले, भट्टीमागे हात घातला. बरं झालं कळलं, आता शोधणार नाही.

… हे बघ, आता विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. शुक्रवारी चर्चमध्ये तू सतरा मिनिटं बोललीस. मी घड्याळ बघत होते. इथल्या रिवाजाप्रमाणे सगळे नुसत्या मोज्यांवर बसलेले, दारात काढलेले दीडशे बूट, आणि तू सांगतेयस की तो कोल्ह्याच्या पिल्लांना कोणकोणती नावं द्यायचा. लोक हसत होते, रडत होते. मग मी उठले, दोन मिनिटं बोलले, तारखा सांगितल्या आणि बसले. … होय, छान होतं तुझं. छान होतं म्हणूनच सांगतेय. मला राग आला तुझा. अजून येतोय. … नाही गं, तुझी चूक काय त्यात? असती तर बरं झालं असतं.

त्याच्या हाताखाली तुला तो सहा उन्हाळे मिळाला. त्याचे पाहुणे, हॉलंडचे, जपानचे, कुठले कुठले… त्यांना त्याचा पूर्ण एकेक दिवस मिळाला. मला त्या दगडावरून पाच मिनिटं.

… मी का आले नाही? … ते सोड.

… कोण विचारतंय? … त्यांना म्हणावं, दोन मिनिटं, आणि तेवढ्यात चॉकलेट वाट. गप्प बसतील. … वाटलंस? बरं.

पण फोन का केलास तू? मंगळवारचं सांगायला तर नाही. … कसली मोजणी? … हो, निघण्याआधी मोजायचे असतात. मग? … तू म्हणालीस ‘एक’ आणि पुढे बोलताच येईना? का?

… सावकाश. सावकाश सांग, वारा आहे.

… गाईड स्वतःला मोजत नाही, माहितीये. … मग?

… बाबा रांगेच्या मागे बघायचा. जिथे कुणी नाही तिथे. … आणि म्हणायचा ‘एक’. मग पाहुण्यांना दोनपासून. … दर वेळी? … आणि शेवटच्या आकड्यातून एक वजा करून कागदावर लिहायचा. … तुला वाटलं म्हातारा झाला, गोंधळतो. … हं. आणि मग तू विचारलंस. … काय म्हणाला?

… परत सांग.

… ‘ती हेर्दिस.’

…

… आहे, आहे मी. ऐकतेय. … तुला सांगितलं त्याने? पूर्ण? … कधीपासून असं मोजायचा? … त्या उन्हाळ्यापासून. अठ्ठावीस वर्षं.

काय सांगितलं नेमकं? … की नऊ पाहुणे होते आणि दहावी मी. बरोबर. … दगडापाशी कॉफी झाली, त्याने मोजले, दहा भरले, निघाले. … आणि पुढे ओढ्यापाशी बघतो तर पोर नाही. हो. … चाळीस मिनिटं. मी एकटी, त्याच दगडापाशी, त्या आठवड्यात अस्वलाची पावलं दिसलेली असताना. … हो, असंच झालं. असंच सांगतात आमच्या घरात.

… कुणाला तरी दोनदा मोजलं, असं वाटायचं त्याला? … आणि ते कोण, हे आठवत बसायचा? दर ट्रेकला? … लाल जाकिटवाली बाई. दोन लाल जाकिटं होती, म्हणून तिलाच दोनदा मोजलं असणार. … शेवटपर्यंत हेच म्हणत होता? मंगळवारीसुद्धा? … मला फोन करून झाल्यावर?

… टूवा, जरा गप्प बस. … नाही, रागावले नाही. जरा… एक मिनिट.

… हं.

… आई? हो, त्याच हिवाळ्यात आई मला घेऊन खाली गेली, मुख्य भूमीवर. त्यांचं आधीपासूनच बिनसलेलं होतं, पण भांडणात तिने ते वाक्य काढलं. म्हणाली, ज्याला स्वतःचं पोर मोजता येत नाही त्याच्या भरवशावर मी इथे राहू? आणि बाबा काही बोललाच नाही. त्याला ते खरंच वाटत होतं ना. मी जिन्यात बसून ऐकत होते. पायजम्याच्या नाडीला गाठी मारत. मी एक वाक्य बोलले असते तर…

… कुठलं वाक्य? … अगं ऐक ना, तू… तुला आधी दुसरंच सांगते. त्या दिवशी एक जर्मन मुलगी होती, आठेक वर्षांची. पाय मुरगळला म्हणे तिचा. म्हणे! चॉकलेट घ्यायला बरी पळत गेली. बाबाने बंदूक पुढे घेतली आणि तिला पाठुंगळी घेतलं. अर्धा डोंगर. मी मागून चालतेय आणि समोर तिच्या पिवळ्या वेण्या हलतायत. दगडापाशी त्याने संत्रं सोललं. पहिली फोड नेहमी माझी असायची, त्यावर कधी बोलणंच व्हायचं नाही. ती त्याने तिला दिली. मला म्हणाला, तू मोठी ना, तू घरची. … हो, एवढंच. अकरा वर्षांची होते गं मी. … आता? आता एकोणचाळीस आहे आणि तुझ्याकडे पेला आहे, तेव्हा फार काही बदललंय असं म्हणता येणार नाही. … हसू नकोस. … बरं, हस.

… धुकं? कुठून, खाली फिओर्डाच्या पाण्याकडून? … मग निघ तू. आत्ता निघ, रांग जवळ ठेव.

… थांब, मला दिसताय तुम्ही. त्याची दुर्बीण खिडकीतच आहे. … अगं हो, स्वयंपाकघरातून. दगड दिसतो, ठिपके दिसतात. हात वर कर. … तूच ती. … नक्की इथूनच बघायचा तो, सुट्टीच्या दिवशी. खुर्चीच्या खाली जमीन झिजलीय.

ऐक. निघायच्या आधी मोज. फोन कानाला असू दे आणि मोठ्याने मोज, मला ऐकू दे. … नाही, तसंच. तो मोजायचा तसं. मागे बघून. … येईल. येतं. नाक पूस आणि म्हण.

… एक.

… हो, आहे मी. पुढे.

… दोन. … तीन… चार. … पाच, तो बसलेला का? उठव त्याला. … सहा. सात. … आठ… नऊ.

नऊ. आठ पाहुणे आणि एक. मीही इथून मोजले. बरोबर आहेत.

आता असं कर. फोन बंद करू नकोस. पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेव, त्या पेल्यात. मग चाल. … तू काही बोलू नकोस. ऐकलंस तरी चालेल, नाही ऐकलंस तरी चालेल. खिंडीपर्यंत जाईल तेवढं जाईल. … नाही, तुला नाही सांगायचं. … हो, त्यालाच. … जा. आणि पेला ठेव, मनापासून सांगतेय. … बऱ्यापैकी मनापासून.

…

बाबा.

मी हेर्दिस. … रंग वाळला.

ऐक. लाल जाकिटातल्या बाईला तू एकदाच मोजलंस. दुसरीलाही एकदाच. तू पुढून मोजत आलास, आणि मी शेवटी होते, बुटाची नाडी बांधत वाकलेली. तू ‘दहा’ म्हणालास तेव्हा समोर मीच होते. दहा बरोबर होते. मग तू वळलास, त्या मुलीला परत पाठुंगळी घेतलंस आणि चालायला लागलास. एकदाही मागे बघितलं नाहीस. …

मी बघत होते तुमच्याकडे. तुम्ही खिंडीत दिसेनासे होईपर्यंत. मला वाटलं, आत्ता वळेल. आता वळेल. …

आणि मग तू आलास. पळत. पडलास एकदा त्या उतारावर, उठलास. तुझे हात रिकामे होते, बाबा. बंदूक तू त्यांच्यापाशी ठेवून आला होतास. त्यांना लागली तर असावी म्हणून. नुसता आलास. आणि मला धरलंस आणि म्हणालास, मी चुकलो, मी मोजायला चुकलो, आणि तुझी हनुवटी अशी हलत होती, आणि मला इतकं बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी काही बोललेच नाही. …

… नंतर बोलता येईना. नंतर तू फोनवर विचारायचास, ऑगस्टमध्ये येतेस का, आणि मला तो दगड दिसायचा…

हॅलो?

… टूवा? … हॅलो?

…

शेवटचा ठिपकाही गेला खिंडीत. फोनही गेला.

… बाबा, तू मला विसरला नव्हतास. मी लपले होते.